दोन आज्यांना हाक मारता यावी असं नाव

भावाने परवा स्टुटगार्टहून एक व्हॉइस नोट पाठवली. जेमतेम मिनिटभराची. वहिनीची आई, म्हणजे आमच्या आईच्या विहीणबाई, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागदावरची नावं मोठ्याने वाचतायत. मागे घड्याळाची टिकटिक, मध्येच बशीत चमचा ठेवल्याचा आवाज. येणाऱ्या बाळासाठी आम्ही सगळ्यांनी सुचवलेली नावं भावाने रोमन अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यांच्या तोंडून ती कशी येतात ते त्याला मला ऐकवायचं होतं. पहिलं नाव जुई. त्यांनी 'यूई' वाचलं, भावाने मागून दुरुस्त केलं, त्या हसल्या, पुन्हा 'यूई'च आलं. मग सानिका, अगदी सरळ. मग इरा, त्यातला र घशातून आला, पण गोड वाटला. मग मुक्ता. आणि मग काहीच नाही. कागद सरकल्याची सळसळ, एक श्वास आत घेतलेला, ओठ उघडल्याचा बारीकसा आवाज, आणि त्यानंतर एकदम यादीतलं शेवटचं नाव, रेवा. मधलं एक नाव त्यांनी गाळलं. ते होतं ज्ञानदा, आणि ते मी सुचवलेलं होतं.

राग आला नाही. फार मायाळू बाई आहेत त्या. भावाच्या लग्नाला नाशिकच्या ऐन मे महिन्यात आल्या होत्या, आणि नऊवारीत घामाघूम होऊनही सप्तपदी संपेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. मी ती नोट रात्री पुन्हा पुन्हा ऐकली ती त्या श्वासासाठी. नाव म्हणायचं असं त्यांनी ठरवलं होतं, तोंडही उघडलं होतं. पण डी, एन, वाय ही तीन अक्षरं ओळीने समोर आल्यावर जिभेने कुठून निघायचं हे त्यांना उमगलं नाही. हीच बाई उद्या त्या मुलीला दूध पाजणार, झोपवणार, जिन्यावरून पडता पडता सावरणार. त्या वेळी तिच्या तोंडून नाव निघण्याआधी असा श्वास अडकला तर?

आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्या शिजतात, ओट्या भरल्या जातात, आणि दोघी बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देत 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणतात. मग आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि 'कुर्र' करून नाव सांगते. ते सांगत असताना मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. लहानपणी मला ते धपाटे पाहूनच आत्या व्हावंसं वाटायचं. आमच्या आत्याने माझ्या कानात नाव सांगितलं तेव्हा तिच्या तोंडाला लवंगेचा वास होता असं आई सांगते. तिला ते कसं कळलं कोण जाणे, पण मला ते खरं वाटतं. नाव आधी कानात जातं, कागदावर पुष्कळ नंतर येतं, हे आपल्याकडच्या बारशाला पक्कं ठाऊक आहे. मी इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली आहे, आणि आता तो आला तर माझं बाळ सहा हजार किलोमीटरहून जास्त लांब जन्मणार आहे.

शिवाय या वेळी सगळं उलट्या क्रमाने चाललंय. जर्मनीत बाळाच्या जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते. नाव ठरलं नसेल तर ते कळवायला महिनाभराची मुभा असते, पण बहुतेक आई-बाप दवाखान्यात जातानाच नाव तयार ठेवतात. आपल्याकडे जन्मनोंदीला एकवीस दिवस, आणि नाव घालायला वर्षभर सवड. उशिराचं शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येतं. आईला तर जन्माआधी नावाची चर्चाच मान्य नाही. पोटातल्या बाळाला नावाने हाक मारू नये, असं तिचं म्हणणं. त्यातून नावरस नाव कसं ठरवणार? जन्मवेळ कळल्याशिवाय नक्षत्र कळत नाही, नक्षत्राचा चरण कळल्याशिवाय अक्षर कळत नाही. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून एकशे आठ अक्षरं, आणि त्यांत हस्त नक्षत्राला ण येतो, आर्द्रेला ङ. ण वरून कुठलं नाव ठेवणार, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, ते गुरुजी बघतील, तू आधी बाळ तर येऊ दे.

मुलगी आहे हे मात्र आम्हाला कळलंय. तिथे डॉक्टर सहज सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे, आणि ती का आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. भावाने फोनवर 'मुलगी आहे' म्हटलं तेव्हा आई क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, 'बरं झालं, लक्ष्मी आली.' जन्माआधी हे कळणं, आणि कळून आनंद होणं, या दोन गोष्टी तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र आल्या असाव्यात. मला सातारा जिल्ह्यातल्या त्या मुली आठवल्या, ज्यांची नावं घरच्यांनी नकुशी ठेवली होती. २०११ साली जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो आले होते, हातात नव्या नावाची प्रमाणपत्रं धरलेले. कुठल्या मुलीला कुठल्या देशात कसं नाव शोभेल हा विचार आपण करतोय, ही केवढी चांगली अडचण आहे. आजही एखादं नाव निवडताना मी आधी हेच पाहते की त्यात 'ये, आम्ही वाट पाहतोय' असं ऐकू येतं का.

मी नाशिकमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे नावं हे माझं रोजचं काम आहे. सकाळची हजेरी घेताना वर्गातला गलका निवत जातो आणि एकेका नावाला एकेक आवाज उठतो. जुन्या हजेरीपटांत सुनीता, संगीता, मंगल, छाया असायच्या. त्याआधीच्या पिवळ्या पडलेल्या पटांत दगडू, धोंडू आणि कचरू दिसतात. आधीची मुलं दगावली की पुढच्याला यमाने ओळखू नये म्हणून ठेवलेली ती नावं. आता पटावर अन्वी, श्रीशा, विहान, रियांश. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे माझ्या वर्गात बिहार-उत्तर प्रदेशातली मुलंही पुष्कळ आहेत. पटावर विशाल असतो आणि त्याची आई दारातून हाक मारते 'बिसाल'. तो दोन्हीला ओ देतो. बागलाण-मालेगावकडून आलेल्या घरांत अहिराणी बोलतात, तिथे ळ चा य होतो. काळा तो काया, डोळा तो डोया. तिथली आजी नातवाला बायू म्हणते, आणि आपल्याला बाळू म्हणायला हवं होतं असं त्या मुलाला कधीच वाटत नाही. माझ्या एका वर्गात एक दाक्षिणात्य मुलगी होती, तिच्या कविता या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच होता. वर्गातल्या मुलांनी वाचून तिला 'कविथा' केलं. घरी तिला सगळे कविताच म्हणत, आपल्यासारखं. तिकडे त साठी रोमनमध्ये टी-एच लिहितात एवढाच काय तो फरक. देश ओलांडायची गरज नसते; जिल्हा ओलांडला तरी नाव बदलायला लागतं.

ज्ञ चं तर विचारूच नका. पाटीवर ज्ञ काढायला शिकवणं हा माझा वर्षातला सर्वांत आवडता दिवस. सगळी मुळाक्षरं संपवून मुलं तिथे पोचलेली असतात आणि त्या वेलांटीसारख्या वळणात खडू हमखास मोडतो. तेच अक्षर हिंदीभाषक ग्य म्हणतात, गुजराती लोक ग्न म्हणतात, आपण द्न्य. ज्ञानेश्वर माउलींचं नाव महाराष्ट्राबाहेर गेलं की पहिल्याच अक्षराला रूप बदलतं. ज्ञानदा सुचवताना माझ्या मनात हे सगळं होतं. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आमच्या इथून तासाभरावर, पौष वद्य एकादशीच्या यात्रेला लहानपणापासून आम्ही जातो. थंडीत कुडकुडत, टाळांच्या आवाजात, कुणाच्या तरी घोंगडीच्या वासात उभं राहिलेलं आठवतं. त्या चार भावंडांतलं काहीतरी तिच्या नावात यावं, असं मला वाटत होतं.

जर्मन अक्षरांचे नियम भावाने मला समजावले. तिथे जे या अक्षराचा उच्चार य, म्हणून जुईची यूई. ज उमटवायचा तर डी-एस-सी-एच अशी चार अक्षरं जोडावी लागतात. आपलं जंगल इंग्रजीतून त्यांच्याकडे गेलं आणि लिहिताना असं चार अक्षरांचं कुंपण घालून बसलं. जुईसारख्या इवल्या फुलाला एवढं कुंपण घालायचं? व्ही कुठे व होतो, कुठे फ, त्यामुळे वैदेही, वेदिका, वेदश्री या सगळ्या जणी अधांतरी राहतात. एस स्वराआधी आला की उत्तरेकडे त्याचा झ होतो, तिथे सानिका झानिका झाली असती. पण स्टुटगार्टच्या श्वाबी बोलीत तो स च राहतो, म्हणून विहीणबाईंनी सानिका इतकं सरळ म्हटलं. म्हणजे मुलगी मोठी होऊन हॅम्बुर्गला शिकायला गेली की तिच्या नावाचा आवाज तिथे पुन्हा बदलणार.

मग सगळीकडे चालेल असंच नाव का ठेवू नये?

परदेशातल्या मराठी घरांत यावर एक न लिहिलेली यादी तयार झालेली आहे. मीरा, माया, तारा, नीना, रिया, लीना, अनिका. मुलांसाठी नील, जय, रोहन, देव. दोन-तीन अक्षरं, सोपे स्वर, एकही जोडाक्षर नाही, ळ नाही, ण नाही, भ-घ-ध नाहीत. ही नावं गोड आहेत यात शंकाच नाही, आणि ज्यांनी ठेवली त्यांनी लेकरासाठी मायेनेच ठेवली. पण या यादीतल्या नावांनाही प्रवासात काय काय भेटतं! तारा म्हटलं की जर्मन माणसाला मालाच्या डब्याचं वजन आठवू शकतं, वजनकाट्यावरचं तारा. आपल्याकडे सध्या घराघरांत असलेली इरा इटालियन आणि स्पॅनिशमध्ये राग असतो, रशियात ते इरीनाचं लाडाचं रूप, आणि अमेरिकेत त्याच तीन अक्षरांचा पुरुष असतो, गीतकार आयरा गर्शविनसारखा. आपली निकिता रशियात गेली तर तिथे निकिता ख्रुश्चेव आहेत. जगातल्या सगळ्या भाषांना विचारून नाव ठेवायचं म्हटलं तर मूल बिननावाचं राहील. आणि मला आणखी एक वाटतं. प्रत्येकाला अडेल ते अक्षर काढत काढत गेलं की शेवटी जे उरतं ते आपलं असतं का? ज्या अक्षरांना जगाची जीभ अडखळते, नेमकी तीच अक्षरं आपल्या भाषेने आपल्याला खास म्हणून दिलेली आहेत.

हा प्रश्न आजच्या विमानप्रवासाने आणलेला नाही. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू लोकांनी तो कधीच सोडवला होता. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक रायगडच्या गावागावांत मराठी बोलत राहिले, आणि गावाच्या नावाला 'कर' जोडून पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. त्यांच्या धर्मग्रंथातली नावं कोकणी जिभेवर आली ती इतकी सुंदर रूपं घेऊन, की ऐकत राहावं. अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बनाजी, सॅम्युएलचा सामाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी, आणि लोक त्यांना म्हणत सामाजी हसाजी. मांडवीत त्यांच्या नावाचा सॅम्युएल स्ट्रीट आहे. म्हणजे रस्त्याला एक नाव, हाकेला दुसरं, आणि माणूस दोन्हींत पुरता. जी लावून त्यांनी नाव पातळ केलं असं मला वाटत नाही. आबाजीमध्ये अब्राहम पूर्ण आहे आणि कोकणही पूर्ण आहे. त्यांची नातवंडं-पतवंडं पुढे इस्रायलमध्ये गेली, तिथे नावं पुन्हा हिब्रू वळणावर आली, आणि तरी तिथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघत राहिलं. नावाने मुक्काम बदलला म्हणून भाषेने घर सोडलं नाही.

गोव्याने वेगळी वाट काढली. तिथे चर्चमधलं नाव एक आणि घरातलं दुसरं. पोर्तुगालचे पंतप्रधान झालेले आंतोनियो कोस्टा, ज्यांचं मूळ मडगावचं, घरी बाबुश होते. युरोपच्या मोठमोठ्या सभागृहांत वावरणाऱ्या त्या माणसाला कुणीतरी बाबुश म्हणून हाक मारत असेल, हे मला फार आश्वासक वाटतं. आणि मालवण तालुक्यातल्या वराडचे वराडकर. डॉक्टर असलेल्या वडिलांनी मुलाचं नाव लिओ ठेवलं, डब्लिनमध्ये कुणालाही दोनदा विचारावं लागणार नाही असं. पण आडनाव मात्र तेच राहिलं, गावासकट. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा सबंध आयर्लंडला ते आडनाव म्हणायला शिकावं लागलं, आणि लोक शिकले. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले होते. एका नावात सोपं आणि अवघड अशी दोन्ही टोकं बांधता येतात, हे त्या कुटुंबाने दाखवून दिलं.

आमच्या घरात याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला सांगितलीच पाहिजे. वहिनीच्या नावात एक असा स्वर आहे की ओठ ऊ म्हणायला करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ई म्हणायचं. देवनागरीत त्याला चिन्ह नाही. रोमनमध्ये यू वर दोन टिंबं देतात. लग्नानंतरच्या लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं, सोन्याची अंगठी भावाच्या हातात दिली आणि गुरुजींनी विचारलं, 'सूनबाईंचं नाव काय ठेवायचं?' आई, मावशी, आत्या या सगळ्यांची नावं अशीच तांदळात बदललेली. आईचं माहेरचं नाव तिच्या भावांखेरीज आता कुणाच्या तोंडी नाही. मामा फोनवर त्या नावाने हाक मारतो तेव्हा तिचा आवाज कोवळा होतो. भावाने अंगठी घेतली आणि तांदळात वहिनीचं होतं तेच नाव रोमनमध्ये लिहिलं. शेवटी अंगठीच्या टोकाने यू वर दोन टिंबं उमटवली. मांडवात कुणी काही बोललं नाही. मला त्या क्षणी त्याचा अतिशय अभिमान वाटला.

पण आईला तो स्वर येत नाही. सुरुवातीला तिने प्रयत्न केला, मग एकदा नुसता उ झाला, एकदा ई झाला, वहिनी दोन्ही वेळा 'हो आई' म्हणाली, आणि त्यानंतर आई तिला सूनबाईच म्हणायला लागली. इतक्या प्रेमाने म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं मुद्दामच निवडलेलं आहे. विहीणबाईंनी ज्ञानदा गाळलं तसं आईने कैक वर्षं एक नाव गाळलेलं आहे. दोघींच्या मनात काही वावगं नाही. दोघींना एवढीच भीती वाटते की आपल्या तोंडात ते नाव मोडेल.

आणि मोडलं तर मुलांना काय वाटतं हे मी वर्गात पाहिलेलं आहे. बदलीवर आलेले एक शिक्षक एका मुलाचं नाव रोज चुकीचं घ्यायचे. पहिल्या आठवड्यात तो दुरुस्त करायचा, नंतर 'हजर' म्हणून गप्प बसायला लागला, आणि पुढे मी बरोबर नाव घेतलं तरी त्याचा हात उशिरा वर यायचा. म्हणून 'अवघडच नाव ठेवा, जग शिकेल' असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. शिकायला जग असतं, पण शिकवायचं ओझं रोज त्या लेकरालाच वाहावं लागतं. जर्मनीतल्या बालवाडीत, दवाखान्यात, बँकेत, प्रत्येक खिडकीशी तिने आपलं नाव अक्षर अक्षर करून सांगावं, हे मला नको आहे. तिने आयुष्यभर स्वतःला कापून छोटं करून सांगावं, हेही नको आहे.

या सगळ्यात मला धीर दिला तो एका खटल्याने. जर्मनीत एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने मुलीचं नाव किरण ठेवलं. नोंदणी कार्यालयाने ते नाकारलं, कारण नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, त्यामुळे सोबत स्पष्टपणे मुलीचं वाटेल असं दुसरं नाव जोडा. आपल्याकडे किरण बेदी आणि किरण मोरे एकाच काळात वर्तमानपत्रात असायचे आणि कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. आई-वडील मागे हटले नाहीत. खालच्या न्यायालयांत हरले, आणि प्रकरण कार्ल्सरूहच्या संविधान न्यायालयात गेलं. ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की नावातून लिंग कळलंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही, नावाने बाळाचं अहित होत नसेल तर आई-वडिलांची निवड मान्य करावी लागेल. एका छोट्याशा मुलीसाठी, आपल्या गल्लीगल्लीत असणाऱ्या एका नावाने एवढ्या मोठ्या देशातली वहिवाट बदलली. तिथल्या आई-बापांनाही आता मुला-मुलींत चालणारं नाव निर्धास्त ठेवता येतं, ते या किरणमुळे. स्टुटगार्टहून कार्ल्सरूह फार लांब नाही. भावाला मी म्हटलं, एकदा त्या इमारतीसमोरून जाऊन ये.

तेव्हापासून माझी कसोटी ठरलेली आहे. सगळ्या जगाला म्हणता आलं नाही तरी चालेल. दोन्ही आज्यांना हाक मारता आली पाहिजे. नुसतं वाचता येणं पुरेसं नाही, हाक मारता आली पाहिजे. लांबून, गॅलरीतून, पातेलं उतू जात असताना, मूल रस्त्याकडे धावत असताना. त्यासाठी नावाच्या शेवटी ताणता येईल असा स्वर हवा, आणि लाडात मोडता येईल असं मऊपण हवं. आपण गणेशचा गण्या करतो, सुमनची सुमी करतो, आणि ते रूप सहसा मूळ नावापेक्षा जास्त टिकतं. श्वाबी बोलीत लाडाने शेवटी ले लावतात. घर, मांजर, मुलगी, काहीही छोटं आणि आवडतं असलं की त्याला ले. आणि आपल्याकडे? छकुले, सोनुले, बाळुले. भावाने हे सांगितलं तेव्हा मी फोन हातात धरून गप्पच झाले. दोन भाषांना एकमेकींची ओळख नाही, पण बाळाला जवळ घेताना दोघींच्या तोंडून निघणारा आवाज एकच.

मी मुक्ता वर पुन्हा गेले. ज्ञानदा सुचवताना मनात ती चार भावंडं होती, आणि यादीत त्यांची धाकटी बहीण आधीच बसलेली होती, कुणीतरी मावशीने सुचवलेली. उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य, १२७९ ते १२९७, आणि तेवढ्यात रुसून दार लावून बसलेल्या मोठ्या भावाची समजूत काढणारी, चांगदेवांसारख्या योग्याची गुरू झालेली. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्यामुळे. विहीणबाईंच्या तोंडून मुक्ता येतं तेव्हा त मध्ये थोडासा ठ मिसळतो, पण नाव मोडत नाही. त्या म्हणतील मुक्तले, आई म्हणेल मुक्तुले, आणि रागावली की मुक्ताबाई. क आणि त ची ती एक छोटीशी गाठ आहे तेवढी राहू दे. तेवढी जर्मन शेजाऱ्यांनी शिकावी. वहिनीच्या नावातली दोन टिंबं आम्हीही शिकतोच आहोत.

मध्ये मी एक काम केलं. ज्ञानदा सावकाश, तोडून तोडून म्हटलेली एक व्हॉइस नोट विहीणबाईंसाठी भावाकडे पाठवली. नाव तेच ठेवा असा हट्ट नव्हता. त्यांचा तो अडकलेला श्वास मोकळा व्हावा, एवढंच वाटत होतं. दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. तेच घड्याळ, तोच टेबलाचा आवाज, आणि एका दमात: 'ग्नानदा.' अगदी आमच्या कॉलनीतल्या पटेलकाकू म्हणतील तसं. जर्मनमध्ये ग्न ने सुरू होणारे शब्द आहेत, त्यांना वाट तिकडून सापडली. आईला ती नोट ऐकवली. ती दोनदा ऐकून म्हणाली, 'बरोबर म्हणतायत की.' मग थोड्या वेळाने माझ्याकडे फोन मागितला, आणि सूनबाईंना आवाज पाठवायचा म्हणून आतल्या खोलीत गेली. दार लोटलेलं असूनही ओठ गोल करून म्हटलेली ती ई मला ऐकू येत होती.

आता यादी अशी आहे: पहिलं नाव मुक्ता, दुसरं ज्ञानदा. तिथे एकापेक्षा जास्त नावं ठेवायची पद्धत आहेच, आणि २०२५ च्या मे महिन्यापासून बाळाला दोघांची आडनावं जोडूनही लावता येतात, त्यामुळे आडनावाचा तंटा मिटला. वहिनीला रेवा अजून आवडतंय, आणि शेवटचा शब्द तिचाच राहील. नऊ महिने तिने मोजलेत. नावरस अक्षर आईने स्वतःकडे ठेवलंय, ते पत्रिकेत जाईल. नोंद त्यांनी आठवड्यात करावी, बारसं मात्र मी पोचल्यावर. तिकीट काढलंय. छोले तिथे तुर्की दुकानात मिळतात, पण घुगऱ्यांना गावरान हरभराच हवा, तो मी इथून नेणार आहे, आणि माझ्या पाठीत धपाटे घालायला विहीणबाईंना आत्तापासून सांगून ठेवलंय.